चाळ कधी उतरवायचे?

पाडव्याच्या आगेमागे नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याला लागून तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोल्याचे गावकारभारीही तिथं येतात. सतरंजीवर बैठक बसते, चहा येतो, फडाचा व्यवस्थापक तारखांची वही उघडतो, घासाघीस होते, विसार दिला जातो आणि गावच्या यात्रेची सुपारी पक्की होते. राहुटीबाहेर फडाचा फ्लेक्स असतो. कित्येक फ्लेक्सवर सगळ्यात मोठा चेहरा साठी ओलांडलेल्या कलावंताचा असतो आणि खाली छोट्या चौकोनांत विशी-पंचविशीतल्या मुली.

त्या मोठ्या चेहऱ्यानं अजून किती वर्षं बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर यावं, यावरून आंबेगाव तालुक्यातल्या एका घरात वाद झाला. मामा यात्रा कमिटीतले, सुपारी ठरवायला दरवर्षी नारायणगावला जाणारे. भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंचे गुडघे, खांदे, कंबर हे तिचं रोजचं काम. तिच्याकडे येणाऱ्यांत येरवड्याच्या गोल्फ मैदानावर खेळणारी वयस्क माणसंही असतात. तमाशावर दोघांचंही मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच वाद तिखट झाला. मी तिथं बसलो होतो. जसं बोलणं झालं तसंच देतो. मधे मला जे वाटलं तेही लपवत नाही.

भाची : मामा, या वर्षी करारात तुम्ही अट घातलीत म्हणे. बाई स्वतः बोर्डावर आल्या पाहिजेत, नाहीतर पैसे कापू.

मामा : घातली. गाव मला विचारतं ना! मागं एकदा फ्लेक्सवर नाव एकाचं आणि बोर्डावर भलतंच कुणी, असं झालं. लोकांनी माझी गचांडी धरायचीच बाकी ठेवली होती. वर्गणी घरटी गोळा होते पोरी. शेतमजुरानं दिलेल्या पैशाला हिशेब द्यावा लागतो.

भाची : बाईंची सत्तरी जवळ आली आहे.

मामा : असेल. पण त्या बोर्डावर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या तरी तंबू शांत होतो. दोन हजार माणूस, त्यातली निम्मी पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली, सगळी मान वर करतात. हे विशीतल्या पोरीला जमत नाही. त्याला पन्नास हंगाम घालवावे लागतात.

भाची : उभ्या राहिल्या तर माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही त्यांना नुसतं उभं राहू देत नाही. गेल्या यात्रेत मला कनातीमागं बोलावलं होतं, आठवतंय? याच बाईंचा पाय बघायला. पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. गुडघ्यापासून पोटरीपर्यंत क्रेप बँडेज, त्यावर जुन्या लुगड्याची घडी आणि त्या घडीवर चाळांचा पट्टा आवळून बांधलेला. मी पट्टा सोडायला लावला. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं तर पडलेला खळगा तसाच राहिला, भरून यायला वेळ लागला. म्हणजे पायात पाणी उतरलेलं. मी म्हटलं, आज नाचू नका. त्या म्हणाल्या, डॉक्टरीणबाई, ढोलकी लागली, दुखण्याचं सकाळी बघू. आणि पट्टा पुन्हा आवळला. सकाळी तर हजेरी होती. बघायला वेळ कुणाला?

मामा : त्या रात्री वन्समोअर किती पडले ते नाही सांगितलंस.

भाची : मोजले नाहीत. मी त्यांचा पाय बघत होते.

इथं थोडा वेळ कुणीच बोललं नाही. हजेरी काय असते, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पुन्हा कार्यक्रम होतो, ती हजेरी. रात्री उशिरापर्यंत जागलेला कलावंत तोंडावर पाणी मारून पुन्हा उन्हात उभा राहतो आणि दुपारी फडाची गाडी पुढच्या गावाला निघते. चैत्र-वैशाखात हे रोज चालतं.

मामा : तुझं म्हणणं काय? साठी झाली की घरी बसवायचं? कलावंताला घरी बसवलं की तो सहा महिन्यांत आटोपतो. तू पुस्तकातलं शिकलीस, मी माणसं बघितली आहेत.

भाची : घरी बसवा असं मी म्हणत नाही. नाचवू नका म्हणते. आणि हे एकट्या तमाशाचं दुखणं नाही. माझ्याकडे येणाऱ्या गोल्फवाल्यांकडून ऐकलेलं सांगते. अमेरिकेत ऑगस्टा नावाच्या मैदानावर मास्टर्स स्पर्धा होते. एकदा जिंकलं की तिथं जन्मभर खेळायचा मान मिळतो. बिली कॅस्पर म्हणून १९७० सालचा विजेता होता. २००२ मध्ये क्लबनं त्याच्यासारख्या काही म्हाताऱ्या विजेत्यांना पत्र पाठवलं, आता खेळू नका म्हणून. लोक खवळले. पुढं पासष्टीची मर्यादा घालायचं ठरलं, पण पामर आणि निक्लॉस या दोन दिग्गजांनी नापसंती दाखवली आणि लागू होण्याआधीच तो नियम मागं घेतला गेला. मग २००५ मध्ये कॅस्पर त्र्याहत्तराव्या वर्षी उतरला. एका दिवसाच्या फेरीत बहात्तर फटक्यांत व्हायचं ते त्याला एकशे सहा लागले. एकाच भोकावर चेंडू पुन्हा पुन्हा तळ्यात गेला, त्या एका ठिकाणी चौदा फटके झाले. त्यानं आपलं गुणपत्रकही जमा केलं नाही.

मामा : का उतरला मग?

भाची : नातवंडांसमोर एकदा खेळायचं होतं, असं म्हणतात.

मामा : मग बरोबरच केलं त्यानं! कुणाचं काय गेलं? मैदान त्याचं, मान त्याचा. फटके जास्त लागले तर लागले.

भाची : मला वाटलंच होतं तुम्ही हे म्हणाल.

मामा : आणि एक सांग. एवढ्या जगात एकही म्हातारा नीट खेळला नाही होय? तू फक्त पडलेल्याचंच सांगितलंस.

भाची खरी बोलणारी आहे. आपल्या बाजूला तोटा होईल हे दिसत असूनही तिनं पुढचं सांगितलं आणि वादाला तिथूनच वेगळं वळण लागलं.

भाची : खेळला की. टॉम वॉटसन. २००९ साली, स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला. वय एकोणसाठ, आदल्या वर्षी खुब्याचा सांधा बदललेला. ब्रिटिश ओपन त्यानं पूर्वी पाच वेळा जिंकली होती. चार दिवस खेळून शेवटच्या भोकावर तो सगळ्यांच्या पुढं होता. एक फटका कमी लागला असता तर इतिहास झाला असता. चेंडू हिरवळीच्या पलीकडं गेला, बरोबरी झाली आणि जादा भोकांवर स्टुअर्ट सिंक जिंकला. तो छत्तीस वर्षांचा.

मामा : म्हणजे म्हातारा हरला, पण तेवीस वर्षांनी लहान माणसाला घाम फोडून हरला. घे! आणि परदेशातलंच कशाला, आपल्या पुण्याचे देवधर. प्रोफेसर दि. ब. देवधर. आमचे मास्तर सांगायचे. जन्म १८९२ चा. महाराष्ट्रानं रणजी करंडक दोनदा ओळीनं जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ ला, कप्तान हेच. मुंबईविरुद्ध दोनशे सेहेचाळीस केले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आणि बावन्न वर्षांचे असताना एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं ठोकली. त्यांना कुणी चाळिशीत म्हटलं असतं की मास्तर, आता पुरे, संस्कृत शिकवा, तर काय गमावलं असतं महाराष्ट्रानं?

भाची : देवधरांना कुणी बळजबरीनं उतरवलं नव्हतं. त्यांची कॉलेजात नोकरी होती. न खेळते तरी चूल पेटत होती.

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे ते खेळले ते हौसेनं. वॉटसन, कॅस्पर, दोघंही हौसेनं. आपल्या बाईंचा पाय सुजलेला असताना त्या नाचल्या, त्या हौसेनं की उचल फेडायची म्हणून?

मामा उठून पाणी प्यायले. उचल हा शब्द या धंद्यात फार जड आहे. पावसाळ्यात फड बंद असतो तेव्हा कलावंत मालकाकडून पैसे उचलतो. पोराचं लग्न, घराचं छप्पर, आजारपण, काहीही. मग हंगामभर काम करून ती फेडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचलतो. मालकही सुखी नसतो. त्यानं सावकाराकडून आणलेलं असतं. शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, जनरेटर, तंबू, वाद्यं, एवढा पसारा पोसायचा. २०२० आणि २०२१ असे दोन हंगाम करोनात बुडाले, त्याचं कर्ज कित्येक फडांच्या मानेवर पुढं बराच काळ राहिलं.

मामा : उचल असते. मी नाकारत नाही. पण पोरी, त्यातही एक गोष्ट आहे. बाईंच्या नावावर शंभर माणसं जेवतात. बाई बोर्डावरून उतरल्या की सुपारी निम्म्यावर येते. मग त्या विशीतल्या पोरींचं काय? तुला वाटतं म्हातारं झाड आहे म्हणून खालच्या रोपाला ऊन मिळत नाही. इथं उलटं आहे. नाव गेलं की फड मोडतो, आणि फड मोडला की त्या पोरी ऑर्केस्ट्रात जातात, डीजेवर नाचतात. तिथं ढोलकीही नाही आणि गणही नाही.

भाची : हे मात्र मला मान्य आहे. गोल्फमध्ये जुन्या विजेत्याला घेतलं की मोजक्या जागांतली एक जागा जाते, म्हणून ब्रिटिश ओपननं साठीची मर्यादा ठेवली. तमाशात जागा जात नाही. पण मामा, त्या पोरींची नावं कोण लक्षात ठेवतं? रात्री तीन तास त्या नाचतात. त्यांच्यातली एखादी उद्याची मंगला बनसोडे असेल. फ्लेक्सवर तिला नखाएवढी जागा.

मामा : मंगलाबाई तरी कुठून आल्या? आईच्या फडातून. विठाबाई बोर्डावर होत्या म्हणून लेकीनं बघितलं, बघून शिकली. मोठा माणूस बोर्डावर असेल तरच लहान शिकतो. तमाशाचं कॉलेज नसतं. कनातीच्या फटीतून बघायचं आणि पाठ करायचं, हेच शिक्षण.

विठाबाईंचं नाव निघालं आणि दोघांचाही आवाज बदलला. या भागात हे नाव घरातलं आहे. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या, भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडात वाढलेल्या, राष्ट्रपतींच्या हातून गौरवल्या गेलेल्या विठाबाई. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळं.

भाची : विठाबाईंची ती गोष्ट तुम्ही सगळे छाती फुगवून सांगता. दिवस भरलेले असताना नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. लहानपणी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आता दवाखान्यात काम केल्यावर तीच गोष्ट आठवते तेव्हा वेगळाच काटा येतो. त्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती?

मामा : अगं, लोकांना कळल्यावर लोकांनीच हात जोडले आणि खेळ थांबवला, असंही सांगतात.

भाची : कळल्यावर. तेच म्हणते मी. आधी कळायची सोय का नव्हती? आणि त्याच विठाबाईंना शेवटच्या आजारात दवाखान्याचं बिल भागवायला लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. चार वर्षांनी सरकारनं त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकरांना मिळाला, मंगलाबाईंना मिळाला, अवसरीचं नाव लावणाऱ्या वसंत अवसरीकरांना मिळाला. चांगलं झालं. पण पुरस्कार एकाला वर्षातून एकदा. बाकीच्या म्हाताऱ्या कलावंतांचं काय? पठ्ठे बापूरावांसारखा शाहीर, त्यांचेही शेवटचे दिवस पुण्यात हलाखीतच गेले. १९४५ साल ते. म्हणजे एवढी वर्षं आपण तेच करतोय.

मामा : आता मानधन आहे सरकारचं. पन्नाशीनंतर मिळतं.

भाची : महिना पाच हजार. २०२४ मध्ये वाढवून पाच हजार केलं, त्याआधी त्याहून कमी होतं. तुमच्या सुपारीच्या आकड्यापुढं पाच हजार किती होतात ते तुम्हीच सांगा. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं का?

मामा गप्प बसले. मला विचाराल तर इथवर भाचीचं पारडं जड होतं. पण मामा तीस-पस्तीस वर्षं रात्री जागून तमाशा बघणारा माणूस. त्यांनी पुढं जे मांडलं, ते मला या सगळ्या बोलण्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मामा : तुझा तो वॉटसन. तो म्हातारपणी तिथंच कसा चमकला? त्या अमेरिकेतल्या मैदानावर का नाही?

भाची : टर्नबेरी समुद्रकाठी आहे. तिथं वारा वाहतो, जमीन टणक आणि उंचसखल असते. नुसत्या ताकदीनं काम होत नाही. वारा कसा वळेल, चेंडू जमिनीवरून किती घरंगळेल, ते अनुभवानं कळतं. ऑगस्टाचं मैदान पुढं पुढं लांब करत नेलं. तिथं लांब मारावं लागतं. म्हाताऱ्याचा चेंडू पोचत नाही.

मामा : बघ, तूच बोललीस! तमाशातही दोन मैदानं आहेत. नाच हे एक आणि वगाचं नाट्य हे दुसरं. गवळण, बतावणी, सवाल-जवाब, वगातला राजा, वगातली आई, सोंगाड्याचा हजरजबाबीपणा, यात वय लागत नाही, उलट मुरलेलं माणूसच लागतं. कांताबाई पुरुषाची भूमिका करायच्या, तेव्हा त्यांच्या पायाकडं कोण बघत होतं? लोक आवाजाकडं बघायचे, नजरेकडं बघायचे. सोंगाड्या तर साठीतच खरा रंगतो. चूक आपली झाली. आपण वग कापला.

भाची : कोणी कापला?

मामा : सगळ्यांनी मिळून. रात्री दहाला स्पीकर बंद, फार तर परवानगी काढून बारापर्यंत. पूर्वी गण-गवळण झाली, बतावणी झाली, मग मध्यरात्री वग सुरू व्हायचा तो तांबडं फुटेपर्यंत. आता वेळ तीन तासांची. आम्ही कमिटीवालेच म्हणतो, वग ठेवा बाजूला, गाणी दाखवा, पोरांना रंगबाजी पाहिजे. मग ज्याचं सगळं आयुष्य वगात गेलं त्या म्हाताऱ्याला करायला काय उरलं? फ्लेक्सवर नाव आहे म्हणून एका सिनेमाच्या गाण्यावर त्याला नाहीतर तिला आम्ही नाचवतो. जिथं त्यांचं वय कामी आलं असतं ती जागा आम्ही बुजवली आणि जिथं वय आडवं येतं तिथं उभं केलं.

भाची : मामा, हे तुम्ही कमिटीत बोललात कधी?

मामा : आत्ताच सुचलं.

मला वाटतं, उतारवयातल्या मोठ्या कलावंताबद्दल किंवा खेळाडूबद्दल बोलताना आपण वय हा एकच आकडा धरून बसतो, आणि त्यानं कुठं उभं राहायचं हे विचारतच नाही. मास्टर्समध्ये अशी एक जागा आधीपासूनच होती. पहिल्या दिवशी सकाळी स्पर्धा सुरू होण्याआधी जुने विजेते एकेक फटका मारतात आणि मग तरुणांची स्पर्धा सुरू होते. ही प्रथा १९६३ पासूनची. अलीकडच्या वर्षांत जॅक निक्लॉस, गॅरी प्लेअर आणि टॉम वॉटसन हे तिघं तो मान घेतात. त्या एका फटक्यासाठी लोक पहाटेपासून जागा धरून उभे असतात. हे मी दोघांना सांगितलं.

मामा : म्हणजे तमाशाच्या सुरुवातीचा आपला गणच झाला की.

भाची : तेच. बाईंनी गण म्हणावा, गवळणीत एक पद म्हणावं, वगात त्यांची भूमिका असेल तर खुर्चीवर बसून करावी. नाच पोरींनी करावा. पाय वाचतील, नाव राहील.

मामा : नुसत्या गणापुरतं नको. त्याला मान म्हणतात, काम म्हणत नाहीत. आयुष्यभर काम केलेल्या माणसाला नुसता मान दिला की तो खचतो. त्या गोल्फवाल्यांकडं पैसा आहे, ते एक फटका मारून घरी जाऊन आरामात बसतील. आमच्या बाईंना वग पाहिजे. पूर्ण वग. दीड तास तरी.

भाची : मग दीड तास द्या. तुमच्या कमिटीच्या हातात आहे.

मामा : पोरं उठून जातील.

भाची : जातील थोडी. पण तुम्हीच म्हणालात ना, बाई उभ्या राहिल्या की पोरं मान वर करतात. मग त्यांच्या वगाला ती बसणार नाहीत, असं तुम्हाला का वाटतं?

याला मामांकडं उत्तर नव्हतं. मग त्यांनी कुस्तीचं काढलं. पहिलवान पस्तिशीनंतर आखाड्यात उतरत नाही, वस्ताद होतो, तालमीत पोरं घडवतो, त्याची कुणाला लाज वाटत नाही. तमाशात वस्तादाची ती जागा का नाही? भाची म्हणाली, कारण तालमीला गाव पैसा देतं, खुराक देतं, इमारत बांधून देतं. फडाला गाव फक्त एका रात्रीचे पैसे देतं. मला ते पटलं. जुन्नर-आंबेगावात गावोगाव तालमी आहेत. ज्येष्ठ तमाशा कलावंत पावसाळ्यात चार पोरींना गवळण शिकवील, ढोलकीवर हात बसवून देईल, अशी एखादी जागा गावानं दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

वादाचा शेवटचा भाग सगळ्यात कडू झाला. तो टाळावा असं मला वाटत होतं, पण भाचीनं टाळला नाही.

भाची : मामा, राग मानू नका. आपल्या यात्रेत सकाळी घाटात बैलगाडे पळतात. २०१४ ला बंदी आली, सात वर्षं तुम्ही लढलात. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानंही शर्यतींचा कायदा मान्य केला. त्या कायद्याच्या नियमांत काय आहे? बैल पळायला फिट आहे असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. काठी नाही, चाबूक नाही. आणि त्याच यात्रेत रात्री बोर्डावर येणाऱ्या सत्तरीच्या बाईंचं साधं ब्लडप्रेशर कुणी बघतं का?

मामा : माणसाची तुलना बैलाशी करतेस?

भाची : बैलाइतकी तरी काळजी घ्या म्हणते.

मामा : बैलाला बोलता येत नाही, म्हणून दाखला लागतो. बाईंना तोंड आहे. त्या म्हणाल्या जमतंय तर जमतंय. त्यांच्या वतीनं तू कोण ठरवणार? तुमचं शिकलेल्यांचं हेच चुकतं. तुम्हाला कलावंताची दया येते. त्याला दया नको असते, टाळी पाहिजे असते.

भाची : त्या जमतंय म्हणतात कारण नाही म्हटलं तर पैसे कापायची अट तुम्ही घातलीय! ती अट काढा. मग त्यांना विचारा. मग त्या हो म्हणाल्या तर मी स्वतः पुढच्या रांगेत बसून शिट्टी मारीन.

मामा बराच वेळ अंगणातल्या उन्हाकडं बघत बसले. मग म्हणाले, अट काढायचं मी कमिटीपुढं ठेवतो, पण गाव ऐकेल असं मला वाटत नाही. भाची म्हणाली, गावाला तो पाय मी दाखवते. चहा झाला, ती पुण्याला निघून गेली. दोघांचं एकमत झालेलं नाही. मामा अजूनही म्हणतात की बाईंचा शेवटचा श्वास बोर्डावर जावा यात वाईट काय. भाची अजूनही म्हणते की शेवटचा श्वास घरच्या अंथरुणावर, भरलेल्या पोटी जाण्याचा हक्क त्यांना आहे.

माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. मोठ्या कलावंतानं कधी थांबावं हे ठरवायचा अधिकार त्याचा एकट्याचा आहे, प्रेक्षकांचा नाही, डॉक्टरचाही नाही. देवधरांना, वॉटसनला तो अधिकार होता. कॅस्परलाही होता आणि त्याच्या एकशे सहा फटक्यांनी त्याचं १९७० चं जिंकणं पुसलं गेलं नाही. पण ज्याला थांबणं परवडतच नाही, त्याच्या चालू राहण्याला आपण जिद्द म्हणून टाळ्या वाजवतो, तेव्हा आपण आपलीच सोय बघत असतो. कलावंत हो म्हणाला, हे तेव्हाच खरं, जेव्हा नाही म्हटल्यावर त्याच्या ताटातली भाकरी जात नाही.

ती सोय सरकारच्या पाच हजारांनी होणार नाही. तमाशा परिषदेनं पाठपुरावा करत राहावा, सरकारनं मानधन वाढवावं, ते होईल तेव्हा होईल. पण सुपारीचा करार गावाच्या हातात आहे आणि तो दरवर्षी नव्यानं लिहिला जातो. म्हणून जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा नारायणगावच्या राहुटीत बसाल तेव्हा ज्येष्ठ कलावंत नाचलेच पाहिजेत ही अट खोडा. त्याऐवजी वगाला दीड तास राखून ठेवल्याचं करारात लिहा. ज्येष्ठांची बिदागी फडमालकाच्या हिशेबात न टाकता वेगळी, त्यांच्या हातात द्या, आणि तब्येतीमुळं ते येऊ शकले नाहीत तरी ती कापू नका. सकाळच्या हजेरीतून त्यांना मोकळं ठेवा. आणि यात्रेत जनावरांचा डॉक्टर बोलावता, तसाच एक माणसांचा डॉक्टर रात्री कनातीमागं बसवा.